ॲप 'नाही' म्हणतं का, हे कुणी तपासलंय का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सायबर फसवणुकीबद्दल तुमच्या पेपरात जे सल्ले छापून येतात ते मी नेहमी वाचते, कात्रणांचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवरपण टाकते, पण त्यात एक ओळ हमखास असते की पत्त्याशेजारी कुलूप दिसतंय का बघा, कुलूप असेल तर साइट सुरक्षित, आणि ती ओळ वाचली की मला राहवत नाही, म्हणून आज शेवटी लिहायला बसले. एक तर ते कुलूप क्रोमने २०२३ मध्येच काढून टाकलं, कारण लोक त्याचा भलताच अर्थ घेत होते, फसवणाऱ्या साइटलासुद्धा कुलूप मिळतंच. पण माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. दिवसभरात आपण वेबसाइट किती उघडतो आणि ॲप किती उघडतो? ॲपमध्ये कुलूप नसतंच. समोरचा सर्व्हर खरा आहे की मधेच कुणी तोतया बसलाय हे बघायचं काम ॲपच्या आत कुणीतरी लिहिलेल्या कोडवर सोडलेलं असतं, आणि तो कोड ते काम करतोय की नाही हे वापरणाऱ्याला बाहेरून कळायला काही म्हणजे काही मार्ग नाही.

मी पुण्यात १८ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करतेय, हिंजवडीत, मग मगरपट्ट्यात, आता बाणेरला. आमच्या कामात एक प्रकार असतो की सॉफ्टवेअरला मुद्दाम बिघडवलेली डिजिटल सर्टिफिकेटं, म्हणजे सर्व्हरची ओळखपत्रं, खायला घालायची आणि ते ती थुंकून टाकतं का बघायचं. हा प्रकार बहुतेक ठिकाणी होतच नाही. वेळ नसतो, कुणी मागत नाही, आणि ॲप तर चालत असतं. सगळं गाडं इथेच अडतं, कारण चांगल्या सर्टिफिकेटवर ॲप चालतं याच्यावरून त्याने ते तपासलं की न तपासताच आत घेतलं हे कळतच नाही, दोन्ही वेळा स्क्रीनवर अगदी सारखंच दिसतं.

माझ्यासमोर घडलेलं सांगते. माझे बाबा बँकेत ३० वर्षं होते, शेवटची काही वर्षं पासिंग ऑफिसर, म्हणजे चेक तपासून मंजूर करणारे, आणि रिटायर झाल्यावर आमच्या भागातल्या एका छोट्या पतसंस्थेच्या संचालक मंडळावर आहेत. संस्थेने पिग्मी एजंटांसाठी नवीन ॲप करून घ्यायचं ठरवलं, म्हणजे बोहरी आळीतले दुकानदार, मंडईतले गाळेवाले असे रोजचे पन्नास-शंभर रुपये भरणारे लोक, एजंट दारात येणार, ॲपमध्ये रक्कम टाकणार, लगेच मेसेज जाणार. डेमो झकास झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा घरी येऊन म्हणाले, तू हेच काम करतेस ना, सुरू करायच्या आधी एकदा नजर टाक. मी म्हणलं, आधी संस्थेचं आणि कंपनीचं लेखी घ्या, त्याशिवाय मी हात लावणार नाही. (हे मुद्दाम लिहितेय, दुसऱ्याच्या सिस्टिमवर परवानगीशिवाय असले प्रयोग करणं हा २००० च्या आयटी कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो, कुणी पोरांनी वाचून उत्साहात सुरू करू नये.) पत्र आलं, टेस्टचं वेगळं सर्व्हर मिळालं, आणि एका रविवारी जेवणं झाल्यावर डायनिंग टेबलावर बसलो.

बाबांना सर्टिफिकेट म्हणजे काय ते मी चेकवरून सांगितलं. चेकवर नाव असतं, तारीख असते, सही असते. सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर पण हेच, कुणाच्या नावाचं आहे, कधीपासून कधीपर्यंत चालेल, आणि खाली ज्या संस्थेने ते दिलं तिची डिजिटल सही. ती सही खरी आहे का ते गणिताने तपासता येतं, आणि सही करणाऱ्या संस्थेवर विश्वास ठेवायचा की नाही याची यादी फोनमध्ये आधीच भरलेली असते. बाबा म्हणाले मग सोपं आहे की, आम्ही पण नमुना सहीचं कार्ड काढून बघायचो, तारीख बघायचो, तीन महिन्यांच्या वरचा चेक परत, अक्षरी आणि अंकी रक्कम जुळली नाही की परत, मेमो लावून.

मग मी लॅपटॉपचं हॉटस्पॉट चालू केलं, फोन त्याला जोडला, आणि मध्ये बसले, म्हणजे ॲपला वाटावं की आपण संस्थेच्या सर्व्हरशी बोलतोय पण बोलणं आधी माझ्याकडे यावं. एखाद्या दुकानाचं किंवा हॉटेलचं वायफाय कुणी हाताशी धरलं तर तो नेमकं हेच करेल. पहिलं सर्टिफिकेट दिलं मुदत संपलेलं. ॲपने घेतलं. दुसरं दिलं भलत्याच नावाचं. घेतलं. तिसरं मीच माझ्या लॅपटॉपवर दोन मिनिटांत तयार केलेलं, दुसऱ्या कुणाचीच सही नाही, स्वतःच स्वतःला दिलेलं. तेही घेतलं. चौथ्यात मी सहीतला एक आकडा बदलला होता म्हणजे सही गणिताने जुळणंच शक्य नाही, तेही गेलं आत. आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर खातं नंबर, रक्कम ५०, एजंटचा पिन, सगळं उघडं वाचता येत होतं, बाबा चष्मा लावून वाचत होते. पाचवं सर्टिफिकेट वेगळं होतं, त्यात आत लिहिलेली लांबीच खोटी होती, म्हणजे पुढे २०० बाइट आहेत असं म्हणायचं आणि ठेवायचे २०, त्यावर ॲप धाडकन बंदच पडलं, आणि परत उघडलं तर आधीच्या दोन नोंदी गायब.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, अगं म्हणजे हा पासिंगला बसलेला माणूस चेक उलटूनसुद्धा बघत नाहीये, नुसते शिक्के मारतोय.

मी १८ वर्षं लोकांना जे समजावतेय ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

कंपनीला कळवलं तर पहिलं उत्तर आलं, मॅडम एचटीटीपीएस आहे की. आहे, पण त्याने बोलणं गुप्त होतं, कुणाशी बोलताय त्याची खात्री सर्टिफिकेट तपासल्यावरच होते, तोतयाशी अगदी गुप्तपणे बोलून काय उपयोग. दुसरं उत्तर आलं की डेव्हलपमेंटच्या वेळी टेस्ट सर्व्हरला खरं सर्टिफिकेट नव्हतं म्हणून तपासणी तात्पुरती बंद केली होती, लाइव्ह जाताना चालू करणारच होतो. हे तात्पुरतं मी इतक्या ठिकाणी बघितलंय की काय सांगू. अँड्रॉइडमध्ये सर्टिफिकेट तपासायचं एक फंक्शन, म्हणजे कोडचा तुकडा, असतं, ते रिकामं ठेवलं, आत एक ओळपण लिहिली नाही, की सगळं पास. प्ले स्टोअरने २०१६ पासून असा रिकामा कोड असलेली ॲप अडवायला सुरुवात केली, पण हे ॲप प्ले स्टोअरवरून येणारच नव्हतं, एजंटांना व्हॉट्सॲपवर फाइल पाठवून इन्स्टॉल करायला सांगणार होते, म्हणजे तीही चाळणी नाही.

दुसरं बिल्ड, म्हणजे ॲपची सुधारलेली आवृत्ती, आलं. आता स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट ते नाकारत होतं, मुदत संपलेलं नाकारत होतं, मला बरं वाटलं. मग मी एक असं बनवलं की सर्टिफिकेट देणाऱ्याच्या जागी खऱ्या देणाऱ्या संस्थेचं नाव जसंच्या तसं टाइप केलं आणि सही मात्र माझीच. ॲपने घेतलं. त्यांनी तपासणी म्हणून काय लिहिलं होतं तर देणाऱ्याचं नाव अमुक आहे का, तेवढंच. अहो नाव कुणीही लिहील, चेकवर कुणीही कुणाचंही नाव लिहील, प्रश्न सहीचा आहे. तिसऱ्या बिल्डला ते सुधारलं आणि सुधारलं कसं तर स्वतःचा लिहिलेला तो सगळा कोड काढून टाकला आणि अँड्रॉइडची मूळची तपासणी आहे तशी राहू दिली. साधारण चाळीस ओळी गेल्या. काही न लिहिता जे फुकट मिळत होतं ते लिहून बिघडवलं होतं.

आता कुणी म्हणेल ही छोटी कंपनी, नवशिकी पोरं, मोठ्यांकडे असं होत नाही. होतं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ब्राउझर सोडून बाकी सॉफ्टवेअर तपासलं, त्यात पैसे भरायच्या मोठमोठ्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, होत्या, आणि सर्टिफिकेटची तपासणी जागोजागी मोडकी निघाली. त्यातलं एक उदाहरण मी प्रत्येक नव्या टेस्टरला सांगते. कर्ल नावाची लायब्ररी जगभर वापरतात, त्यात नाव जुळतंय का हे नीट तपासायचं असेल तर एका सेटिंगला २ द्यायचं होतं, आणि प्रोग्रामर लोक तिथे 'ट्रू' लिहायचे, म्हणजे हो, तपास. ट्रूची किंमत १ होते, आणि १ दिलं की नाव जुळतंय की नाही ते बघितलंच जायचं नाही. तपास म्हणून सांगितलं आणि तपासणी बंद पडली. कर्लवाल्यांनी नंतर ते बदललं, पण तोवर हे कुणाच्या ध्यानात का आलं नाही? कारण चुकीच्या नावाचं सर्टिफिकेट देऊन कुणी बघितलंच नाही.

२०१४ साल तर आमच्या धंद्यात विसरता येणार नाही असं गेलं. फेब्रुवारीत ॲपलच्या कोडमध्ये सापडलं की 'गोटू फेल' ही एकच ओळ चुकून दोनदा पडली होती, त्यामुळे सही तपासायची पायरी गाळून कोड सरळ पुढे जात होता, आणि २०१२ पासून हे फोनाफोनांत चालू होतं. लगेच मार्चमध्ये जीएनयूटीएलएस नावाच्या लायब्ररीत निघालं की सर्टिफिकेट तपासताना मधेच काही अडचण आली तर फंक्शन जो एररचा आकडा परत द्यायचं तो पुढे 'बरोबर आहे' असा वाचला जायचा. नीट विचार करा, 'तपासता आलं नाही' याचा अर्थ 'पास'. चांगलं सर्टिफिकेट दिलं तर हा बग आयुष्यात दिसणार नाही, तो दिसायला मुद्दाम वेडंवाकडंच द्यावं लागतं.

आणि त्याच वर्षी हे वेडंवाकडं देणं किती कामाचं आहे ते दाखवणारा एक संशोधनाचा पेपर आला, टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या संशोधकांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. माझा फार जीव आहे त्या कामावर. त्यांनी इंटरनेटवरून खरी सर्टिफिकेटं लाखोंनी गोळा केली, त्यांचे तुकडे केले, आणि कुठलाही तुकडा कुठेही जोडून नवीन शिवली, जशी आपल्याकडे जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतात तशी, एकाची तारीख, दुसऱ्याचं नाव, तिसऱ्याचे नियम. फ्रँकनसर्ट म्हणतात त्यांना. अशी ८० लाखांच्या वर बनवली. आता एवढ्यांतलं कुठलं घ्यायचं आणि कुठलं नाकारायचं हे हाताने ठरवणं कुणाच्या बापाला जमणार नाही, म्हणून त्यांनी काय केलं तर एकच सर्टिफिकेट वेगवेगळ्या लायब्रऱ्यांना दिलं, जसा एकच बोर्डाचा पेपर पाच तपासनिसांना द्यावा. सगळ्यांनी नापास केलं आणि एकाने पास, की कुणीतरी चुकतंय एवढं नक्की. असे २०८ फरक निघाले. काही लायब्रऱ्यांना तर साध्या सर्व्हरचं सर्टिफिकेट असलेला माणूस स्वतःच दुसऱ्यांना सर्टिफिकेटं वाटू लागला तरी चालत होतं.

त्यातलीच आणखी एक गोष्ट सामान्य वापरणाऱ्याच्या जवळची आहे. सर्टिफिकेटची मुदत पण संपलीय आणि ते देणारा पण बोगस आहे असं दोन्ही असेल तर काही सॉफ्टवेअर फक्त मुदतीचंच सांगायची. वाहतूक पोलिसाने गाडी अडवावी आणि म्हणावं पीयूसी संपलंय, आणि नंबर प्लेटच खोटी आहे त्याबद्दल चकार शब्द काढू नये, तसं. वापरणारा म्हणतो हां मुदतच संपलीय ना, विसरले असतील नूतनीकरण करायला, आणि पुढे जातो. मी आता माझ्या टेस्टमध्ये दोन-दोन दोष एकत्र घालूनच देते आणि मेसेज काय येतो ते वाचते.

बंद पडण्याचं म्हणाल तर मार्च २०२२ मध्ये ओपनएसएसएल नावाच्या लायब्ररीत जो बग दुरुस्त झाला तो असाच, सर्टिफिकेटमध्ये गणिताचे आकडे जाणूनबुजून चुकीचे भरले की वाचणारा प्रोग्राम अनंत फेऱ्या मारत बसायचा, सर्व्हर गार. आणि हे सही तपासायच्या आधीच व्हायचं, म्हणजे हल्ला करणाऱ्याला कुठल्या खऱ्या संस्थेची सही आणायचीपण गरज नाही.

हे सगळं आत्ताच का लिहितेय तर सर्टिफिकेटांच्या मुदती आता झपाट्याने कमी होतायत. २०२० पासून ती जास्तीत जास्त ३९८ दिवस होती, ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांनी २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ पासून १०० आणि २०२९ पासून फक्त ४७ दिवस. निर्णय चांगला आहे, चोरीला गेलेलं सर्टिफिकेट फार दिवस चालणार नाही. पण ज्यांच्याकडे नूतनीकरण अजून कुणीतरी कॅलेंडर बघून हाताने करतं त्यांच्याकडे काय होणार ते मला डोळ्यांसमोर दिसतंय. रात्री अकराला सर्टिफिकेट संपणार, ॲप बंद, फोनवर फोन, आणि कुणीतरी थकलेलं पोरगं म्हणणार तपासणी तेवढी आत्ता बंद करू, सकाळी बघू. ती सकाळ येत नाही. मी स्वतः नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका प्रोजेक्टवर 'एसएसएल – पास' (एसएसएल म्हणजे हेच सर्टिफिकेटवालं सुरक्षित बोलणं) असं लिहून सही केलीय, फक्त चांगलं सर्टिफिकेट लावून बघितलं होतं, आणि तपासणी बंदच होती हे पुढे आठ महिन्यांनी दुसऱ्याच कुणाला तरी सापडलं. त्याची टोचणी अजून आहे.

आपल्या पुण्यातल्या कॉसमॉस बँकेचे ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटी गेले ते प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. त्याचा सर्टिफिकेटशी संबंध नव्हता, मालवेअरचा हल्ला होता, पण मुळात तिथेही काय झालं, पैसे काढायच्या विनंत्यांना 'हो' म्हणणारा एक खोटाच स्विच (एटीएमच्या विनंत्या बँकेपर्यंत नेणारी यंत्रणा) मधे उभा केला गेला, आणि एटीएम त्या 'हो'वर पैसे देत राहिली.

म्हणून माझं सांगणं पतसंस्था, सोसायट्या, शाळा, दवाखाने, जे कुणी ॲप बनवून घेतात त्यांना आहे. ॲप ताब्यात घेताना चालतं का एवढंच बघू नका, पैसे द्यायच्या आधी समोर बसवून दाखवायला सांगा की मुदत संपलेलं, दुसऱ्याच्या नावाचं, स्वतःच बनवलेलं, सही बिघडवलेलं आणि आतून मोडकं अशी सर्टिफिकेटं दिली तर ॲप काय करतं. अर्ध्या दिवसाचं काम आहे, त्यासाठी लागणारी साधनं फुकट मिळतात. ब्राउझरमध्ये असे इशारे कसे दिसतात ते बघायचं असेल तर बॅडएसएसएल डॉट कॉम म्हणून साइट आहे, तिथे मुद्दाम बिघडवलेली सर्टिफिकेटं लावून ठेवलीत, कुणीही जाऊन बघू शकतं. आणि प्रत्येक नवीन बिल्डला हे परत करायला लावा, एकदा पास झालं म्हणून सोडू नका. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनाही विनंती आहे, शेवटच्या वर्षाला तेच ते हजेरीचं ॲप करण्यापेक्षा दोन-चार पोरांनी स्वतः असा सर्टिफिकेटांचा संच बनवला तर मी शनिवारी येऊन शिकवायला तयार आहे, मानधन नको.

पतसंस्थेचं ॲप ठरल्यापेक्षा पाच आठवडे उशिरा सुरू झालं, काही संचालक बाबांवर चिडलेही होते. पुढच्या सभेत बाबांनी ठराव मांडला, तो प्रोसिडिंग बुकात त्यांच्याच अक्षरात आहे आणि संस्थेच्या परवानगीने इथे देतेय, इतर संस्थांनी जसाच्या तसा उतरवून घेतला तरी हरकत नाही: 'संस्थेने यापुढे कोणतेही संगणकीय ॲप स्वीकारताना, सदर ॲप सदोष व बनावट प्रमाणपत्रे नाकारते याची चाचणी संचालक मंडळाने नेमलेल्या व्यक्तीसमक्ष घेण्यात यावी, व तसा अहवाल मिळाल्याखेरीज अंतिम बिल अदा करण्यात येऊ नये.'

आपली,
एक टेस्टर,
कर्वेनगर, पुणे